अटलांटिक बोटीने पार करताय? पहिल्या खेपेसाठी थोडं

पहिलीच खेप असेल तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जा, उलट नको. ‘क्वीन मेरी २’ या प्रवासी जहाजाला ७ रात्री लागतात. पश्चिमेकडे जाताना साधारण ५ वेळा घड्याळ तासभर मागे घेतात. दिवस २५ तासांचा, झोप फुकटात! उलट दिशेला तोच तास कापला जातो. केबिन खालच्या मजल्यावर, मध्यावर घ्या; टोकाला हेलकावे जास्त. डेकवर वारा बोचरा, जुलैतही स्वेटर हवाच. गाला रात्री, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, साडी बिनधास्त नेसा. प्रवाशांची कुत्री ठेवतात त्या मजल्यावर एक चक्कर मारा. त्यांच्यासाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांबसुद्धा उभा केलाय! शेवटच्या पहाटे मात्र गजर लावून वर या. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जहाजाचं धुराडं इतक्या जवळून जातं की आपणच मान खाली घालतो.