मासे बंद केले, तरी ट्रायग्लिसराइड २८० कसं?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मालवणजवळ राहतो. आमच्या ह्यांचं वय ४८, तसे बारीकच आहेत, फक्त पोट तेवढं पुढे आलंय. गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल थोडं जास्त दिसलं तेव्हा शेजारीपाजारी सगळे म्हणाले मासे आणि नारळ बंद करा, म्हणून आम्ही दोन्ही बंद केलं. आता परत टेस्ट केली तर उपाशीपोटी साखर ११४, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३३, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२१. म्हणजे उलट वाढलंच की! दोन्ही वेळा डाळभात, भाजी, लोणचं एवढंच जेवतात, संध्याकाळी चहा नि खारी, उन्हातून आले की कोकम सरबत. आता अजून काय बंद करायचं?

उत्तर : वहिनी, बंद काही करू नका, उलट मासे परत सुरू करा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे खरं तर. मासे गेले तेव्हा ताटात जी जागा रिकामी झाली ती कशाने भरली? भाताने. आधी बांगड्याच्या दोन तुकड्यांबरोबर जेवढा भात जायचा त्यापेक्षा आता नुसत्या डाळीबरोबर जास्त जात असणार, कारण पोटच भरत नाही ना तसं.

शिजवलेल्या भाताच्या एका वाटीत, म्हणजे १५० ग्रॅम धरा, साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडे एका वेळी तीन वाट्या भात सहज होतो, त्यात सरबताची साखर, चहाची साखर आणि खारीचा मैदा धरा. ही सगळी साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, इन्सुलिन ती साखर स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये भरतं, पण तिथला साठा भरला की पुढे येणाऱ्या साखरेतली काही लिव्हर चरबीत बदलतं आणि ती चरबी पॅक करून रक्तात सोडतं. तीच तुमच्या रिपोर्टमधली ट्रायग्लिसराइड. म्हणजे तेलतूप फारसं न खाताही ट्रायग्लिसराइड २८० होऊ शकतं, हे लोकांना पटतच नाही. आणि ट्रायग्लिसराइड वर गेलं की एचडीएल खाली येतं, ते ३३ त्यातूनच आलेलं दिसतंय (पुरुषांत ४० च्या वर हवं). साखर ११४ म्हणजे डायबेटिस नाही, पण १०० ते १२५ हा डायबेटिसच्या आधीचा टप्पा झाला. तीन आकडे वेगवेगळे दिसले तरी दुखणं एकच, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीये.

बारीक माणसाला हे कसं, असं वाटेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय असे, हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटात. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत हवी.

आता करायचं काय. भात एका वेळी एक ते दीड वाटी, आणि जमलं तर उकड्या तांदळाचा, त्याने साखर जरा सावकाश चढते (तरी मोजूनच खायचा, उकडा आहे म्हणून चार वाट्या नकोत). बांगडा, तारली आठवड्यातून दोनतीनदा, कालवण करून किंवा तव्यावर थोड्या तेलात, यातल्या ओमेगा ३ ची, म्हणजे माशातल्या चांगल्या चरबीची, ट्रायग्लिसराइडला थोडी मदतच होते. कोलंबीत कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्यात त्याने फार हलत नाही, अधूनमधून चालेल. सुकट खारवलेली असते, बीपी असेल तर जपून. मासे नसतील त्या दिवशी कुळथाचं पिठलं, मुगाची उसळ. कुळीथ, डाळी, भाज्या यातला चिकट तंतू पित्ताला आतड्यात धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त करायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, असा एलडीएल कमी होतो. जेवताना आधी भाजी-उसळ-मासे, भात शेवटी, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि जेवून लगेच आडवं न होता १०-१५ मिनिटं चाला, चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतात.

नारळाचं मात्र दोन्ही बाजूंनी फार बोललं जातं. नारळात कोलेस्टेरॉल नसतंच, कुठल्याच झाडाच्या फळात नसतं, पण खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि ती एलडीएल वाढवते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरतं तसं रोज दोन चमचे खोबरेल पिण्याचा उद्योग नको! भाजीवर पेरलेलं चमचाभर खोबरं, आठवड्यात एकदोनदा सोलकढी, एवढं खुशाल. घरच्या कोकमाचं सरबत असलं तरी त्यात साखर साखरच, त्यापेक्षा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात घालून जिरं टाकून प्या, मीठ बेताने. खारी-बटर सोडा, त्यात मैदा आणि वनस्पती तूप सोडून काही नाही.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत पण विचारते. संध्याकाळचं ‘बसणं’ असतं का? दारूने ट्रायग्लिसराइड भराभर वाढतं. आणि थायरॉइड तपासलाय का? तोही तपासा, तो मंद असला तरी चरबीचे आकडे वाढतात. परत रिपोर्ट तीन महिन्यांनी, एचबीएवनसी साधारण तेवढ्याच काळाचा हिशोब सांगतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर पथ्य सुरू केलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : वय २६, रत्नागिरी. पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी चुकवणारा हार्मोन्सचा त्रास) आहे, मानेवर काळे पट्टे आलेत. डॉक्टर म्हणाले इन्सुलिन जास्त आहे. म्हणजे मला इंजेक्शन घ्यावी लागतील का?

उत्तर : नाही गं, उलट आहे. १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, त्याच्या शरीरात ते जवळजवळ बनतच नव्हतं. तुझ्यात भरपूर बनतंय पण पेशी ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं, साखर नॉर्मल दिसते आणि आत ही ओढाताण चालू राहते. तेच जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स जास्त करायला लावतं, पाळी त्यामुळे चुकते, मानेचे पट्टेही त्यातलेच, घासून जाणार नाहीत. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडतो. नाश्त्याला नुसती घावणं-चहा नको, बरोबर अंडं किंवा उसळ घे, आणि आठवड्यात दोनतीनदा वजन उचलायचा व्यायाम कर. उपास करून साबुदाण्याची खिचडी खाणार असशील तर तो उपास नकोच.

प्रश्न : देवगडला राहतो, वय ६३, डायबेटिसची गोळी चालू आहे. हापूस खायचाच नाही का?

उत्तर : काका, देवगडात राहून तसं सांगायची माझी हिंमत नाही. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४-१५ ग्रॅम साखर असते, तेव्हा अर्धा आंबा, फोडी करून, जेवणावर नाही तर चार वाजता, आणि त्या दिवशी भात किंवा पोळी तेवढी कमी. आमरस-पुरी नको. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी बघा, १८० च्या वर जात असेल तर फोडी कमी करा. आंबा खायचा म्हणून दुपारचं जेवण मात्र टाळू नका, काही गोळ्यांवर जेवण चुकलं की साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात कापतात. तुमची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.