मांजराचे डोळे चिकटत असतील तर

पिल्लू घरात आणलंत, छान. पण त्याचे डोळे सारखे चिकटत असतील तर पशुवैद्यांना दाखवाच. क्लॅमिडिया फेलिस या जिवाणूमुळे असं होऊ शकतं. माणसाला तो क्वचितच लागतो, पण लागतो. डोळे पुसलेला कापूस लगेच टाका आणि साबणाने हात धुतल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यांना लावू नका. लेन्स वापरत असाल तर जास्तच जपा.

बार्टोनेला हेन्सेली या दुसऱ्या जिवाणूचं प्रकरण वेगळं, पण तोही माणसाला लागू शकतो. तो मांजरांत पिसवांमुळे पसरतो आणि मांजर दिसायला ठणठणीत असतं! तुमचा एकच डोळा लाल झाला, त्याच बाजूला कानापुढे गाठ आली, अंगात ताप असला, तर नेत्रतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचं आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. आणि मांजराचे उरलेले ड्रॉप्स आपल्या डोळ्यात? अजिबात नको.