डंपवर नवीन आहेस ना, मग हे ऐक

भाऊ, ओबी डंप म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेला ढिगारा, आणि त्याचं इन्स्पेक्शन म्हणजे जीपमधून वर चक्कर मारून रजिस्टरवर सही ठोकणं नाही. आधी खाली जा, टोपाशी नाही, 'टो'पाशी, म्हणजे डंपच्या पायथ्याशी. तिथली जमीन फुगून वर आलीय का, पाणी झिरपतंय का, आणि कालपर्यंत स्वच्छ झिरपणारं पाणी आज गढूळ झालंय का, हे बघ, कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहतेय. मग वर ये आणि कडेला समांतर भेगा शोध. भेग दिसली की दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, रोज टेपने अंतर मोजायचं, वाढत असेल तर डंपर थांबवायचे आणि लगेच मॅनेजरला कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

कोळसा खाणीच्या २०१७ च्या नियमांत उतार ३७.५ अंशांच्या आत आणि एका बेंचची, म्हणजे डंपच्या एका पायरीची, उंची ३० मीटरच्या आत सांगितलीय, पण आपल्या चंद्रपूर-वणीकडे काळी माती आहे, पावसात ती साबणासारखी होते, तेव्हा आकडा पाळला म्हणून निवांत बसू नको.

पाणीच खरा व्हिलन आहे बघ. वेल्समधल्या अॅबरफॅनला १९६६ मध्ये ढिगारा झऱ्यावरच रचला होता, तो घसरून शाळेवर आला, १४४ जण गेले, त्यात ११६ मुलं. म्हणून ढिगाऱ्याखाली जुना नाला होता का हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, नकाशात नसतं ते त्यांना माहीत असतं. आणि पाऊस पडून गेल्यावर एकटा फिरू नको.