पायथन सापडेना आणि जावाही गेलं

प्रश्न: ताई, मी सांगलीला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विंडोज ११ वर पायथन टाकलं, पण कमांड प्रॉम्प्टवर पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडायचं. मग एका व्हिडिओत बघून सेटएक्सची कमांड मारली, सक्सेस पण आलं, आणि आता पायथन तर नाहीच, कालपर्यंत चालणारं जावासी (जावाचा कंपायलर) पण 'इज नॉट रेकग्नाइझ्ड' म्हणतंय. गिट मात्र चालतंय. पायथन दोनदा काढून परत टाकलं. फॉरमॅट मारू का?

उत्तर: नको गं, फॉरमॅट अजिबात नको! पायथनही जागेवर आहे आणि जावाही, फक्त त्यांचे पत्ते पुसले गेलेत.

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. तू कमांड टाइप केलीस की विंडोज ती यादी वरून खाली बघत जातं आणि त्या नावाचं पहिलं जे सापडेल ते चालवून मोकळं होतं, पुढे त्याहून चांगलं काही असलं तरी बघत नाही. या यादीचे दोन भाग असतात, आधी सिस्टिमचा आणि त्याला जोडून तुझ्या युझरचा. युझरच्या भागात विंडोजॲप्स नावाचा एक फोल्डर असतो, त्यात पायथन नावाची शून्य बाइटची फाइल असते जी फक्त स्टोअर उघडून देते. सुरुवातीला तुला तीच सापडत होती, कारण खऱ्या पायथनचा फोल्डर यादीत नव्हताच. इन्स्टॉल करताना खालची 'ॲड टू पाथ'ची टिक राहते, सगळ्यांचीच राहते, माझीही राहिली होती.

आता सेटएक्स, म्हणजे पाथसारख्या सेटिंग्ज कायमच्या बदलणारी कमांड. तू लिहून पाठवलेल्या कमांडमध्ये जुना पूर्ण पाथ आणि त्याच्या शेवटी नवीन फोल्डर असं आहे. पूर्ण पाथ म्हणजे सिस्टिमचा अधिक युझरचा, तो सगळा उचलून युझरच्या भागात कोंबला गेला, आणि सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं सरळ कापून टाकतं. त्याची वॉर्निंगसुद्धा येते, पण लगेच खाली सक्सेस येतं आणि आपण सक्सेसच वाचतो. शेपूट कापली गेली त्यात जावा गेलं, नवीन टाकलेलं पायथन गेलं आणि विंडोजॲप्स पण गेलं. म्हणूनच आता स्टोअरसुद्धा उघडत नाहीये! गिट चालतंय कारण ते सिस्टिमच्या भागात आहे आणि त्याला धक्का लागलेला नाही.

दुरुस्ती अशी कर. आधी बघ, एखादी कमांड प्रॉम्प्टची खिडकी सेटएक्स मारायच्या आधीपासून उघडीच राहिलीय का? सेटएक्स आधीच उघडलेल्या खिडकीला हात लावत नाही, त्यामुळे तिथे जुना पाथ जसाच्या तसा मिळेल, तो नोटपॅडमध्ये ठेव. नसेल तर जाऊ दे. स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट टाइप कर, 'फॉर युवर अकाउंट' वालं उघड, वरच्या चौकटीतलं पाथ निवडून एडिट. एकेक फोल्डर वेगळ्या ओळीवर दिसेल. आधी सगळं कॉपी करून ठेव आणि मगच, खालच्या सिस्टिमच्या यादीत ज्या ओळी आहेतच त्या इथून काढ, शेवटची अर्धवट तुटलेली पण काढ. मग जावाचा फोल्डर घाल, पण त्याच्या आतल्या 'बिन' फोल्डरपर्यंतचा, कारण जावासी बिनमध्ये असतं (जावा होम नावाचं वेगळं व्हेरिएबल असतं, ते मात्र बिनशिवाय लिहायचं, यात निम्मा वर्ग गडबडतो). विंडोजॲप्सही परत घाल, विंगेट (प्रोग्रॅम टाकायची विंडोजची कमांड) तिथूनच चालतं.

पायथनसाठी त्याचाच इन्स्टॉलर परत चालवून मॉडिफाय कर आणि पुढच्या पानावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची टिक लाव. पायथन आणि स्क्रिप्ट्स असे दोन फोल्डर आपोआप यादीत वर बसतील. पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड) स्क्रिप्ट्समध्ये असतं, म्हणून दोन्ही लागतात.

मग सगळ्या खिडक्या बंद. व्हीएस कोड वापरत असशील तर नुसतं आतलं टर्मिनल नाही, अख्खं व्हीएस कोड बंद करून उघड, नाहीतर ते जुनाच पाथ धरून बसतं आणि आपण उगाच तासभर डोकं खाजवतो. शेवटी 'व्हेअर पायथन' मार, सगळे पत्ते क्रमाने येतील, पहिला येईल तोच चालणार. पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिही, नुसतं व्हेअर तिथे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे. खरं तर परत इन्स्टॉल करायच्या आधी हेच बघायचं असतं.

प्रश्न: जुन्या इंटेल मॅकवरून एम २ चिपच्या मॅकवर आलो. बॅश प्रोफाइलची फाइल तशीच आणली, होमब्रू (टर्मिनलमधून प्रोग्रॅम टाकायचं साधन) नव्याने टाकलं, तरी 'ब्रू' कमांड नॉट फाउंड येतंय. – एक वाचक, पुणे

उत्तर: दोन गोष्टी बदलल्यात. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नवीन अकाउंटला टर्मिनलमध्ये कमांड चालवायला बॅशऐवजी झेडशेल मिळतं आणि ते बॅशची सेटिंग्जची फाइल, म्हणजे बॅश प्रोफाइल, वाचतच नाही, स्वतःची झेडप्रोफाइल वाचतं. शिवाय इंटेलवर होमब्रू यूएसआर लोकलमध्ये बसायचं, एम सिरीजवर ऑप्ट होमब्रूमध्ये बसतं, त्यामुळे जुन्या ओळी नुसत्या नवीन फाइलमध्ये हलवून भागणार नाही. होमब्रूचा इन्स्टॉलर शेवटी 'नेक्स्ट स्टेप्स' म्हणून दोन-तीन ओळी दाखवतो, त्या कोणी वाचत नाही, त्याच टर्मिनलमध्ये पेस्ट करा. नवीन खिडकी उघडून 'विच ब्रू' मारलंत की ऑप्टने सुरू होणारा पत्ता यायला हवा.