वाचकांचे प्रश्न : नव्या मोटारसायकलचा भाव

प्रश्न : पाडव्याला मोटारसायकल घ्यायची आहे. शोरूमने दिलेल्या कोटेशनमध्ये विमा, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग चार्जेस’ धरून रक्कम बरीच फुगली आहे. घासाघीस करावी का?

उत्तर : अवश्य करावी, मात्र ती कुठे करायची, हे आधी ठरवावे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि रस्ता कर सरकारजमा होतो, त्यामुळे तेथे फारसा वाव नसतो. खरा वाव विम्यात आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असला, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकाच वर्षाचा घेता येतो, आणि तो शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरचे कोटेशन टेबलावर ठेवले की आतला आकडा बहुधा खाली येतो. हँडलिंगच्या रकमेबाबत ‘ही नेमकी कशाची, आणि पावती मिळेल का?’ एवढेच शांतपणे विचारावे. सीट कव्हर, क्रॅश गार्ड नको असल्यास ते कोटेशनमधून खोडून घ्यावेत. पाडव्याच्या गर्दीत विक्रेता सहसा नमत नाही, म्हणून भाव आधीच्या आठवड्यात लेखी ठरवून मुहूर्तावर फक्त गाडी घरी न्यावी. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी गाडीच्या उत्पादनाचा महिना मात्र पाहून घ्यावा.