ट्रॉल्या थांबतील, आधी तो हप्ता थांबवा

नेरूळहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 53, घरी शिकवण्या घेतात. यजमान तुर्भ्याच्या एका कंपनीत, दोन वर्षांनी 58 व्या वर्षी निवृत्त होतील. पगार हातात 72 हजार, घरखर्च 45 हजार. स्वयंपाकघर जुनं झालंय, ट्रॉल्या गंजल्यात, सिंकखालच्या पाइपामुळे खालच्यांच्या छताला ओल येते. मॉड्युलर किचनचं कोटेशन 6 लाख 80 हजारांचं आहे. प्रश्न एवढाच, की पर्सनल लोन घ्यावं की शोरूमवाल्याचं नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते?

शेवटी त्यांनी सहज लिहिलंय: "एफडी मोडायची नाही. 9 लाख आहेत. मागच्या फेब्रुवारीत एक एफडी पिकली, ती बँकेतल्या मुलीने दहा टक्के हमखास असलेल्या स्कीममध्ये वळवून दिली. वर्षाला 3 लाख, सात वर्षं. पंधरा वर्षांनी 38 लाख मिळतील. पुढच्या हप्त्याचे 3 लाख बचत खात्यात काढून ठेवलेत. फॉर्मवर माझा व्यवसाय 'बिझनेस' आणि उत्पन्न 12 लाख पडलंय, ते दुरुस्त करून घेऊ का?"

ताई, किचनचं बोलूच. पण तुमच्या घरातली खरी गळती सिंकखाली नाही, या शेवटच्या चार ओळींत आहे.

ही एफडी नाही. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. एका एफडीचे पैसे घेऊन त्या मुलीने तुमच्या गळ्यात 21 लाखांची बांधिलकी घातली आहे.

दहा टक्के कुठून आले तेही बघा. 21 भरले, 38 मिळाले, फायदा 17. म्हणजे भरलेल्या रकमेवर 81 टक्के. त्याला आठने भागलं की दहा येतात. हप्ते संपल्यानंतरची आठच वर्षं धरली, त्याआधीची सात वर्षं तुमचे पैसे अडकले होते ती हिशेबातून गायब. खरा परतावा चक्रवाढीने वर्षाला 5 टक्के पडतो. हेच 3 लाख तुम्ही दोघांनी आपापल्या पीपीएफमध्ये दीड-दीड लाख करून सात वर्षं भरले, नंतर खाती नुसती चालू ठेवली आणि व्याज आजच्यासारखं 7.1 टक्केच राहिलं, तर पंधराव्या वर्षी 48 लाखांच्या आसपास होतात. दहा लाखांचा फरक, आणि त्यासाठी कुणाला कमिशन द्यावं लागत नाही.

पण परतावा कमी आहे हे दुखणं दुय्यम. निवृत्तीनंतरचं बघा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 32 लाख येतील असं तुम्ही लिहिता. त्यात एफडीचे 9 मिळवले की 41. साडेसात टक्क्यांनी महिन्याला 25-26 हजार. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन जास्तीत जास्त साडेसात हजार धरू. झाले 33 हजार. खर्च आजच 45 आहे. शिकवण्यांचे पैसे तुम्ही लिहिले नाहीत, ते धरले तरी ओढाताण आहेच. आणि त्या काळात या पॉलिसीचे चार हप्ते बाकी असतील, म्हणजे महिन्याला आणखी 25 हजार. ते भरणार कशातून? मुद्दल मोडून. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या कुटुंबाला सात वर्षांचे हप्ते विकणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते. पगार कधी थांबणार, एवढा एक प्रश्न विचारायला काय लागत होतं?

आता तुमचा फॉर्मचा प्रश्न. अजिबात दुरुस्त करू नका! घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईचं उत्पन्न 12 लाख कुणी लिहिलं? 3 लाखांचा हप्ता मंजूर व्हावा म्हणून ते लिहिलं गेलंय. तुमच्या हातातला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्या पानाचे फोटो काढा, झेरॉक्स काढा. प्राप्तिकर विवरणपत्र भरत असाल तर त्याची प्रत सोबत जोडा. "एफडीसारखंच आहे, दहा टक्के फिक्स" असे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर तेही जपून ठेवा. कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल आणि "सगळ्याला हो म्हणा" असं बँकेतून सांगितलं असेल, तर तक्रारीत तसंच्या तसं लिहा.

तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा, प्रत बँकेला. मागणी एकच: चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकली, पहिला हप्ता पूर्ण परत करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा, विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा तिथे होतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, ती मुदत तुमची केव्हाच उलटली. म्हणून हा लांबचा रस्ता.

तक्रार फेटाळली गेलीच, तर? 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला आणि पहिलं वर्ष संपलं की पॉलिसी सरेंडर केल्यावर, म्हणजे मधेच बंद केल्यावर, काही रक्कम मिळते. किती, ते तुमच्या सहीच्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कधी किती मिळेल त्या तक्त्यात, छापलेलं असतं. आपण वाईटातलं वाईट धरू, निम्मे बुडाले. दीड लाखांचं नुकसान जिव्हारी लागेल, मान्य. पण ते वाचवायला पुढे 18 लाख घालायचे?

आता किचन. कोटेशनच्या तळाशी "जीएसटी वेगळा" असं आहे, तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय. 18 टक्के धरले की 6 लाख 80 हजारांचे 8 लाख होतात. नो कॉस्ट ईएमआय बारा महिन्यांचं, म्हणजे महिन्याला 67 हजार. पगार 72! पर्सनल लोन 13 टक्क्यांनी पाच वर्षं घेतलंत तर हप्ता 18 हजारांच्या वर, व्याजच पावणेतीन लाखांहून जास्त, आणि पाचातली तीन वर्षं निवृत्तीनंतरची. दोन्ही नको.

शोरूमवाला म्हणतो, अशा किचनने फ्लॅटची किंमत दहा लाखांनी वाढेल. नाही वाढत. नेरूळमध्ये घेणारा स्टेशन किती लांब, कार्पेट किती, सिडकोची ट्रान्सफरची कागदपत्रं नीट आहेत का, हे बघतो. तुमचे अॅक्रिलिकचे शटर त्याला आवडले नाहीत तर तो ते काढून टाकेल. त्यातून तुमची बिल्डिंग तीस वर्षांची, आणि सोसायटीत पुनर्विकासाची "नुसती चर्चा" चालू आहे. चर्चा कुठवर आलीय ते सेक्रेटरींना विचारा. सभेत ठराव होऊन विकासकांकडून प्रस्ताव मागवले असतील, तर भिंतीला ठोकलेली प्रत्येक वस्तू चार-पाच वर्षांत राडारोड्यात जाईल.

म्हणून गरजेचं तेवढं करा. जुना लोखंडी (जीआय) पाइप काढून नवीन लाइन, सिंकखाली वॉटरप्रूफिंग, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलच्या ट्रॉल्या, पाण्याला टिकणाऱ्या (बीडब्ल्यूपी) प्लायची साधी लॅमिनेटची दारं. टॉल युनिट, फॉल्स सीलिंग, टँडम ड्रॉवर वगळा. चांगल्या स्थानिक कंत्राटदाराकडून करसहित 3 लाखांच्या आत बसवायचं, हे आधीच ठरवून कोटेशन मागा. आठ बाय सातच्या स्वयंपाकघराला तेवढं पुरे. गॅसची पाइपलाइन सरकवायची असेल तर ते काम महानगर गॅसकडूनच करून घ्या, कंत्राटदाराच्या प्लंबरला हात लावू देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचे दहा टक्के सिंक पंधरा दिवस वापरून, खालच्यांच्या छताला ओल येत नाही हे बघूनच द्या.

आणि हे 3 लाख तुमच्याकडे आहेत. हप्त्यासाठी म्हणून बाजूला काढलेले तेच. कर्ज नको, एफडीला हात नको.

फक्त ते खात्यातून परस्पर जाऊ देऊ नका. पहिल्या हप्त्याच्या वेळी तुमच्याकडून ऑटो डेबिटवर सही घेतली असणार. ते रद्द करण्याचा अर्ज याच आठवड्यात शाखेत द्या, शिक्क्यासह पोच घ्या, आणि तोवर ते पैसे यजमानांच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवा.