त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून १८० अंश भरतात, मग सिद्धता कशाला?

आपला प्रश्न रास्त आहे. परंतु कोनमापकाने मोजले जातात ते समोरच्या एकाच त्रिकोणाचे कोन, आणि तेही रेघेच्या जाडीमुळे थोडेफार चुकतातच. ग्रीक गणितींना हवे होते ते कधीही न काढलेल्या त्रिकोणालाही लागू पडणारे कारण.

युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथात दिलेली सिद्धता पाहा. अबक त्रिकोणाची बक ही बाजू क च्या पुढे वाढवायची आणि क मधून बअ ला समांतर रेषा काढायची. त्यामुळे बाहेरच्या कोनाचे दोन भाग पडतात, त्यांपैकी एक व्युत्क्रम कोन म्हणून अ कोनाएवढा आणि दुसरा संगत कोन म्हणून ब कोनाएवढा असतो, म्हणजेच क वरच्या सरळ रेषेत तिन्ही कोन शेजारी शेजारी येऊन बसतात. येथे काहीही मोजावे लागत नाही, हे मला फार सुंदर वाटते.

मात्र ही सिद्धता युक्लिडने सिद्ध न करता मान्य केलेल्या, समांतर रेषांविषयीच्या पाचव्या गृहीतकावर उभी आहे; त्याचा आशय असा की रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. पहिल्या पुस्तकातील पहिली २८ विधाने युक्लिडने त्याचा आधार न घेता सिद्ध केली आहेत. एकोणिसाव्या शतकात ते गृहीतक बदलून पाहिल्यावर तितक्याच सुसंगत अशा वेगळ्या भूमिती मिळाल्या, आणि त्यांत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश येत नाही.